सीनियर इयर : कॉलेजचे अर्ज, फॅफ्सा आणि घरातलं पैशांचं बोलणं

जास्वंद | ९ ऑगस्ट २०२५

गेली सहा वर्षं ऑगस्ट ते डिसेंबर मी दर रविवारी दुपारी आमच्या गावच्या लायब्ररीत बसते. गाव न्यू जर्सीतलं. मराठी शाळेतून बाहेर पडलेली, आता बारावीला आलेली मुलं येतात. बरोबर कधी आई, कधी बाबा, एकदा आजोबा आले होते. मी व्यावसायिक सल्लागार नाही, एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. पण थोरल्याच्या वेळी आम्ही जिथे चुकलो तिथे दुसऱ्या कुणी चुकू नये, एवढ्यासाठी हे सुरू केलं. कॉमन ॲप (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) १ तारखेला उघडलं, म्हणून आजच धागा काढते आहे.

आमची चूक आधी सांगते. फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, भरताना गुंतवणुकीच्या रकान्यात मी आमचं ४०१के (रिटायरमेंटचं खातं) आणि राहत्या घराची किंमत, दोन्ही लिहिलं. ही दोन्ही तिथे लिहायचीच नसतात. आकडा भलताच मोठा आला आणि कॉलेजने ग्रँट (परत न फेडायची मदत) दिली नाही. मार्चमध्ये एका ओळखीच्या बाईंनी फॉर्म पाहिला तेव्हा कळलं. दुरुस्ती केली, पण तोवर त्या कॉलेजचे पैसे वाटून झाले होते.

मात्र खरी चूक त्याच्या कितीतरी आधीची होती. आम्ही मुलाला दहावीपासून एकच वाक्य ऐकवत होतो, "तू फक्त अभ्यास कर, पैशांचं आम्ही बघतो." आपल्या आईवडिलांनी आपल्याला हेच सांगितलं, प्रेमाने सांगितलं. पण तिकडे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची फी आणि घरातली मिळकत यांचं जे नातं होतं ते इथे नाही. एप्रिलमध्ये निवड झाल्याचं पत्र हातात असताना "हे आपल्याला झेपणार नाही" हे मुलाला पहिल्यांदा सांगायची वेळ आली. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. कॉलेज हुकलं याचं त्याला तितकं वाटलं नसावं, आपल्याला कुणी काही सांगितलं नाही याचं जास्त वाटलं.

तेव्हा माझ्याकडे आलेल्या मुलांची कॉलेजांची यादी मी सुरुवातीला पाहतच नाही. आधी आईबाबांनी मुलासमोर एक आकडा कागदावर लिहायचा : चार वर्षं, दर वर्षी, आपण कर्ज न काढता किती देऊ शकतो. मग २०२४चं टॅक्स रिटर्न घेऊन बसायचं आणि मुलाला आवडणाऱ्या कॉलेजांचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती पडेल याचा अंदाज देणारा) उघडायचा. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११पासून तो वेबसाइटवर ठेवावाच लागतो. पंधरा-वीस मिनिटं लागतात. स्वतःचा धंदा असेल किंवा आईवडील वेगळे झालेले असतील तर उत्तर बरंच चुकू शकतं, बाकीच्यांना अंदाज येतो. ब्रोशरवरची किंमत आणि तुम्हाला पडणारी किंमत यांत कधीकधी निम्म्याचा फरक असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी चकित करतो. परवडणार नाही म्हणून सोडलेलं खासगी कॉलेज स्टेट युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडलेलं मी पाहिलं आहे. हार्वर्डनेच या वर्षापासून २ लाख डॉलरपर्यंत मिळकत आणि त्या मानाने नेहमीची मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, माफ केली आहे. उलट, "सेफ्टी" म्हणून यादीत टाकलेलं शेजारच्या राज्यातलं कॉलेज, बाहेरच्या राज्याची फी लागल्याने, सगळ्यात महाग निघतं. प्रवेश नक्की मिळेल पण पैसे झेपणार नाहीत, असं कॉलेज सेफ्टी नाही.

फॅफ्साबद्दल थोडक्यात. २०२६-२७ साठी २०२४ची मिळकत धरतात. मुलाचं आणि पालकाचं वेगवेगळं खातं लागतं. टॅक्सची माहिती आयआरएसकडून (सरकारच्या टॅक्स खात्याकडून) थेट येते, पण त्यासाठी प्रत्येकाने संमती द्यावी लागते. ती नाकारली तर सरकारी मदत मिळत नाही. शेवटी स्टुडंट एड इंडेक्स नावाचा आकडा येतो (जितका कमी तितकी गरज जास्त), तो उणे १५००पर्यंत खाली जाऊ शकतो. पालकांच्या मालमत्तेतून जास्तीत जास्त ५.६४ टक्के धरतात, मुलाच्या नावावरच्या पैशातून २० टक्के. मुंजीत, वाढदिवसाला आलेले पैसे मुलाच्या नावे कस्टोडियल खात्यात साठवलेत? ते या २० टक्क्यांत जातात. पालकांच्या नावचं ५२९ (शिक्षणासाठीचं बचत खातं) मात्र पालकांचं धरतात.

राहतं घर आणि रिटायरमेंटची खाती लिहायची नाहीत, हे पुन्हा एकदा.

आणि फॅफ्सा फुकट आहे. भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देईन. जाणकारांनी भर घालावी.

---

सह्यकडा | ९ ऑगस्ट

फार गरजेचा धागा. आम्ही टेक्ससमध्ये. दोघांच्या नोकऱ्या, नीड-बेस्ड (गरज पाहून दिलेली) मदत मिळणार नाही हे ठाऊक आहे. तरी फॅफ्सा भरावा का? आणि पुण्यात एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. तो लिहावा लागतो का? ऑफिसातले काही जण म्हणतात, भारतातलं कोण विचारतं.

जास्वंद | १० ऑगस्ट

लिहावा लागतो. तुम्ही राहता ते घर सोडून बाकी सगळी स्थावर मालमत्ता गुंतवणुकीत येते, मग ती पुण्यात असो की तुमच्या टेक्ससमधल्या प्लेनोत. आजची किंमत वजा त्यावरचं कर्ज. भारतातल्या एफडीसुद्धा. वडिलोपार्जित जागेत भावंडांबरोबर नाव असेल तर फक्त तुमचा वाटा. "कोण विचारतं" हे मला दर वर्षी ऐकू येतं आणि दर वर्षी मी एकच सांगते, खाली सही मुलाची असते. अठराव्या वर्षी त्याच्याकडून सरकारी कागदावर खोटं लिहवून घेऊ नका.

फॅफ्सा भरा. मिळकत कितीही असली तरी मुलाच्या नावचं सरकारी कर्ज त्याशिवाय मिळत नाही आणि काही कॉलेजं मेरिट स्कॉलरशिपसाठीही तो मागतात.

उंबरठा | १० ऑगस्ट

सह्यकडा, तुमच्यासारख्या घरांना खरी संधी मेरिटच्या (गुणवत्तेवर मिळणाऱ्या) पैशांत आहे. आयव्ही लीगमध्ये मेरिट स्कॉलरशिप नसतेच, तिथे फक्त गरज पाहतात. पण मुलगा नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्कॉलरशिप स्पर्धेत वर पोचला असेल तर यूटी डॅलस आणि अलाबामा युनिव्हर्सिटी यांच्याकडे जरूर पाहा, दोघेही अशा मुलांना भरघोस देतात. आणि यूटी ऑस्टिनचा आपोआप प्रवेश २०२६च्या बॅचपासून वरच्या ५ टक्क्यांनाच आहे, आधी ६ होता. युनिव्हर्सिटीत आपोआप, हव्या त्या विषयात नाही. कम्प्युटर सायन्सला वेगळी चुरस असते. याची कल्पना मुलाला आत्ताच द्या.

पाटवडी | १२ ऑगस्ट

मी इथे नेहमी वाचनमात्र असते. आज लिहिते आहे कारण कुणाला विचारावं कळत नाही. आम्ही एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), मुलगी चार वर्षांची असताना आलो. ग्रीन कार्डच्या रांगेत तेव्हापासून आहोत. ती आता बारावीत, एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा). शाळेतल्या काउन्सेलरबाई म्हणाल्या, "फॅफ्सा भरून टाका, सगळेच भरतात." धाकटा इथे जन्मलेला आहे. मुलीला नेमकं काय लागू होतं?

उंबरठा | १२ ऑगस्ट

पाटवडी, आमची थोरली याच रस्त्याने गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

एच-४वर फॅफ्सा लागू नाही. सरकारी ग्रँट, सरकारी कर्ज, वर्क-स्टडी (शिकताना करायचं पगारी काम), काहीच नाही. काउन्सेलरांचा दोष नाही, त्यांच्यासमोर अशी मुलं क्वचित येतात. धाकट्याला मात्र सगळं लागू होईल. तो नागरिक आहे आणि त्याच्या फॉर्मसाठी तुमचा व्हिसा आड येत नाही.

इन-स्टेट फी, म्हणजे त्या राज्यातल्या रहिवाशांची कमी फी, हा वेगळा प्रश्न. बऱ्याच राज्यांत एच-४वरच्या मुलांना राहण्याच्या अटी पूर्ण केल्या तर ती मिळते. अर्जात "इंटरनॅशनल" अशी खूण झाली की काही ठिकाणी कम्प्युटर आपोआप बाहेरची फी लावतो. आम्हाला तीन महिने पत्रव्यवहार करावा लागला. इथल्या हायस्कूलचे दाखले, घराचं भाडेपत्र किंवा मॉर्गेज, राज्याचे टॅक्स रिटर्न, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद), सगळ्याची एक फाइल आजच करा. फोन नको, ईमेल करा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

खासगी कॉलेजांच्या मदतीसाठी एच-४ची मुलं बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थी म्हणून गणली जातात. परदेशी मुलांचाही अर्ज पैशांकडे न बघता वाचणारी आणि पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं मोजकी आहेत : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडिन, आणि अलीकडे नोटर डेम व ब्राउन. प्रवेश सगळीकडेच अतिशय कठीण आहे, तेव्हा एकदोन ठेवा, सगळी यादी तशी करू नका. कॉलेजच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिपांना नागरिकत्वाची अट असतेच असं नाही, प्रत्येकीचं पान वाचा.

आणखी एक. मुलगी २१ वर्षांची झाली की एच-४ संपतो, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करून घ्यावा लागतो. तो बदलला की इन-स्टेट फीचं काय होतं हे कॉलेजला प्रवेश घेण्याआधीच विचारून ठेवा. आमच्या वेळी हे आम्ही विचारलं नव्हतं आणि शेवटचं वर्ष महागात गेलं.

पाटवडी | १२ ऑगस्ट

दोनदा वाचलं. मुलीलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली की हे तिला नववीतच सांगायला हवं होतं. बरोबर आहे तिचं. उद्यापासून फाइल करतो. मनापासून आभार, दादा.

केळफूल | १५ ऑगस्ट

मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. एसे (अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध) आणि शिफारसपत्रांबद्दल भर घालते.

शिफारसपत्र शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच मागा. ऑक्टोबरात माझ्यासमोर तीसचाळीस पत्रं असतात. शाळेतल्या काउन्सेलरांचं त्याहून कठीण. त्यांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे, प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत त्याहून कितीतरी जास्त मुलं असतात. त्यांना तुमचं मूल नावानेही ओळखीचं नसतं. म्हणून मुलाने एक पानभर लिहून द्यावं : माझ्या वर्गात काय आवडलं, कुठे अडकला, कोणता पेपर पुन्हा लिहिला. मार्कांची यादी नको, ती ट्रान्सक्रिप्टमध्ये (शाळेच्या गुणपत्रकात) आहेच.

एसेची मर्यादा ६५० शब्द. आपल्या मुलांचे एसे मी बरेच वाचते आणि बहुतेक तीन विषयांत फिरतात : भारतात सुट्टीला गेल्यावर पाहिलेली गरिबी, अरंगेत्रम किंवा तबल्याची परीक्षा, आणि डब्यातल्या भाजीच्या वासाला वर्गातली मुलं हसली. तिन्ही खरे अनुभव आहेत, पण लिहिताना मूल स्वतः त्यातून गायब होतं. मागच्या वर्षी एका मुलाने लिहिलं की त्याची आजी डायलिसिसला असताना तो आठवड्यातून दोनदा तिला गाडीने न्यायचा आणि त्या चार तासांत तिच्याकडून मोडी वाचायला शिकला. मूळ मसुद्यात हे एकाच ओळीत होतं! बाकी सगळा एसे रोबोटिक्स क्लबवर. मी त्या ओळीखाली रेघ मारली आणि कागद परत दिला.

कॉमन ॲपमधल्या ॲक्टिव्हिटीच्या यादीत दहा जागा असतात, प्रत्येकीत वर्णनाला १५० अक्षरं. धाकट्या भावंडाला सांभाळणं, घरच्या दुकानात काम, आजीला दवाखान्यात नेणं, या सगळ्याला तिथे जागा आहे. घरच्या जबाबदाऱ्या असा वेगळा प्रकारच दिलेला आहे. मुलं लिहीत नाहीत, कारण आपण घरी त्याला काम म्हणतच नाही.

पालकांनी एसे वाचावा, दुरुस्त करू नये. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचं वाक्य सतरा वर्षांच्या मुलाच्या कागदावर लगेच ओळखू येतं. मशीनकडून लिहवून घेतलेलंही येतं.

मधलीसुट्टी | १५ ऑगस्ट

केळफूल, मराठी शाळेचं कुठे लिहायचं? मुलीने सहा वर्षं केली, परीक्षा दिली, आता तिथेच लहान मुलांना शिकवते.

केळफूल | १६ ऑगस्ट

शिकवते ते ॲक्टिव्हिटीत, अगदी वरच्या क्रमांकांत. सहा वर्षं टिकून राहणं हेच मोठं आहे. परीक्षेसाठी शाळेत विचारा, काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मराठीला परदेशी भाषेचं क्रेडिट मिळतं. मिळालं तर ते ट्रान्सक्रिप्टवर येतं.

तिसरी_घंटा | २१ ऑगस्ट

लिहू की नको, असं दोन आठवडे चाललं होतं. जूनमध्ये माझी नोकरी गेली. एकोणीस वर्षं एकाच कंपनीत होतो. बायकोची नोकरी अर्धवेळ. मुलगी बारावीत. घरात मी हा विषय अजून काढलेला नाही, तिला एवढंच माहीत आहे की बाबा घरून काम करतात. फॅफ्सा २०२४ची मिळकत बघणार, आणि २०२४ हे माझं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. म्हणजे आमच्यासाठी दार बंद, असंच ना?

जास्वंद | २१ ऑगस्ट

दादा, नाही. फॅफ्सा २०२४च्याच आकड्यांनी भरायचा, त्यात काही बदलायचं नाही. मग प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला वेगळं पत्र. मिळकत बदलली असेल तर आकडे नव्याने बघायचा अधिकार कायद्यानेच त्यांना दिलेला आहे, त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. नोकरी जाणं हे त्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. लागतील ते कागद : कंपनीचं पत्र, शेवटची पे-स्लिप, सेव्हरन्स (नोकरी गेल्यावर कंपनीने दिलेले पैसे) किती आणि कधीपर्यंत, अनएम्प्लॉयमेंट (बेकारी भत्ता) किती मिळतं, आणि २०२५ची पूर्ण वर्षाची मिळकत किती होईल याचा एका पानाचा हिशेब. विनवणीचा सूर नको. काय होतं, काय झालं, आता किती आहे, बस्स. कॉलेज सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजं फॅफ्साशिवाय मागतात तो मदतीचा दुसरा फॉर्म) मागत असेल तर त्यातही विशेष परिस्थितीसाठी जागा आहे, तिथे हेच लिहा. १ लाखापर्यंत मिळकत असलेल्या घरांना सीएसएसची फी माफ असते, बाकीच्यांना पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे १६.

आता जे सांगते ते मोठ्या बहिणीने सांगितलं असं समजा. मुलीला आज सांगा. यादी करण्याआधी. तिला कदाचित माहीतही असेल, मुलांना घरातलं समजतं.

तिसरी_घंटा | २४ ऑगस्ट

काल सांगितलं. तिला जुलैपासून माहीत होतं. आईच्या लॅपटॉपवर अनएम्प्लॉयमेंटचं पान उघडं राहिलेलं दिसलं होतं. आम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती. रात्री एक वाजेपर्यंत बसलो आणि अकरा कॉलेजांचे कॅल्क्युलेटर भरले. चार यादीतून गेली. दोन, जी आमच्या मनातही नव्हती, ती आली.

सह्यकडा | २ सप्टेंबर

अर्ली डिसिजनबद्दल (ईडी : एकाच कॉलेजला लवकर अर्ज, निवड झाली तर जायचं बंधन) कुणी बोलत नाही. माझा पुतण्या गेल्या वर्षी ईडीने लागला. नोव्हेंबरच्या १ तारखेला अर्ज, डिसेंबरच्या मध्याला निकाल, घर शांत. ज्या कॉलेजांत ईडीने निवडीचं प्रमाण सरळ जास्त दिसतं तिथे ती संधी सोडणं मला पटत नाही. मुलाने चार वर्षं मेहनत केली, नाव मिळालं तर पुढे आयुष्यभर उपयोग होतो.

जास्वंद | २ सप्टेंबर

तुमच्यासारखा ज्यांचा आकडा पक्का आहे त्यांनी जरूर करावं. ज्यांना चारपाच कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची आहे त्यांनी ईडी करू नये असं माझं मत आहे, कारण तुलनाच हातातून जाते. मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येतं हे खरं. पण डिसेंबरात, मूल आनंदात असताना, कोणता बाप "नको" म्हणेल? त्यापेक्षा अर्ली ॲक्शन. उत्तर लवकर येतं, बंधन नाही, निर्णय १ मेपर्यंत.

सह्यकडा | ३ सप्टेंबर

मुद्दा मान्य, तरी माझं मत बदललेलं नाही. आम्ही ईडी करतो आहोत. पण कालच मुलाबरोबर कॅल्क्युलेटर भरला आणि आकडा त्याला दाखवला. तेवढं या धाग्याचं ऐकलं.

मधलीसुट्टी | ९ सप्टेंबर

कम्युनिटी कॉलेजबद्दल (स्थानिक, दोन वर्षांचं, स्वस्त कॉलेज) लिहायचं धाडस करते. मुलगी हुशार आहे पण आम्हा दोघांच्या पगारात अवघड आहे. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, मंडळात काय सांगायचं?

उंबरठा | ९ सप्टेंबर

मंडळात सांगा की दोन वर्षांनी ती बाकीच्या मुलांबरोबर युनिव्हर्सिटीतच असेल. न्यू जर्सीत असाल तर एनजे स्टार्स आहे : वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना आपल्या काउंटीच्या कॉलेजमध्ये ट्यूशन लागत नाही. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जायची हमी मिळते, नऊपैकी सहा कॅम्पसवर. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. माझ्या टीममधले दोन अतिशय चांगले इंजिनिअर याच वाटेने आलेत. एकच धोका : कोणते कोर्स पुढे धरले जातात हे पहिल्या सेमिस्टरआधी लेखी पाहून घ्या, नाहीतर एक वर्ष वाया जातं.

जास्वंद | २६ सप्टेंबर

फॅफ्सा २४ तारखेलाच उघडला, १ ऑक्टोबरची वाट पाहू नका. दोन वर्षांपूर्वी नवा फॉर्म डिसेंबरअखेर आला होता, तेव्हा आमचे सगळे रविवार वाया गेले. या वेळी सुरळीत चाललंय.

एक खास आपला घोळ : नावं. खात्यातलं नाव सोशल सिक्युरिटी कार्डाशी तंतोतंत जुळावं लागतं. आपल्याकडे कार्डावर कधी वडिलांचं नाव मधे असतं, कधी पहिल्या नावालाच चिकटलेलं. लग्नानंतर पासपोर्टवर एक आडनाव आणि कार्डावर दुसरं. परवा एका आईचं खातं याच कारणाने तीनदा अडकलं. कार्ड हातात घेऊन त्यावर आहे तसंच टाइप करा. मूल फॉर्ममधला पालकांचा भाग भरायला पालकाला आमंत्रण पाठवतं तेव्हाही तेच नाव, तीच जन्मतारीख. जोडीने टॅक्स भरत असाल तर दोघांपैकी एकच पालक पुरतो.

आणखी एक, दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर पूर्वी आकडा वाटला जायचा. फॅफ्सात ते २०२४-२५पासून बंद झालं. सीएसएस मागणारी बरीच कॉलेजं अजून विचारात घेतात, म्हणून जुळ्यांच्या आईवडिलांनी तिकडे आवर्जून पाहावं.

पाटवडी | १८ डिसेंबर

स्टेट युनिव्हर्सिटीने मुलीला इन-स्टेट म्हणून मान्य केलं! लेखी. फाइल पाठवल्यावर नऊ दिवसांत उत्तर आलं. उंबरठादादा, तुमचा प्रतिसाद मी छापून फ्रिजवर लावला होता.

केळफूल | १८ डिसेंबर

पाटवडी, डोळ्यांत पाणी आलं वाचून. अभिनंदन लेकीचं.

तिसरी_घंटा | २८ मार्च २०२६

पत्रं आली आहेत. तीन कॉलेजं समोर आहेत आणि तिन्ही पत्रं वेगळ्या भाषेत लिहिल्यासारखी वाटतात. एकाने लिहिलंय "एकूण मदत ४१,०००", पण त्यात कर्ज किती ते सापडायला वेळ लागला. कसं वाचायचं?

जास्वंद | २८ मार्च

कोरा कागद घ्या. प्रत्येक कॉलेजची एका वर्षाची पूर्ण किंमत वर लिहा : ट्यूशन, फी, खोली, जेवण, पुस्तकं, घरी येण्याजाण्याचं तिकीट. त्यातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा. दुसरं काही नाही. राहिला तो आकडा तुमचा.

मुलीच्या नावचं सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० पर्यंत असतं, ते फेडायचंय, म्हणून वजा करू नका. वर्क-स्टडी हा पगार आहे. काम केल्यावर हातात येतो, फी भरताना नाही. आणि पालकांच्या नावचं पॅरेंट प्लस कर्ज काही पत्रांत "मदत" म्हणून छापतात. ते तुमच्या डोक्यावर. १ जुलैपासून त्याला वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० अशी मर्यादा येते आहे, तेव्हा त्याच्या भरवशावर चार वर्षांचं गणित मांडू नका.

नोकरी गेल्याचं तुमचं अपीलचं पत्र गेलं होतं ना? उत्तर आलं नसेल तर सोमवारी फोन करा. आवडत्या कॉलेजला दुसऱ्या कॉलेजचं पत्रही दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, दर वर्षी असंख्य घरं हे करतात.

तिसरी_घंटा | २७ एप्रिल

अपील मान्य झालं. ग्रँट १२,४०० ने वाढली. कोऱ्या कागदावर जो आकडा राहिला तो ऑगस्टात आम्ही लिहिलेल्या आकड्यापेक्षा ८०० डॉलरने जास्त आहे, ते आठशे ती उन्हाळ्यात कमावणार म्हणते. मला फेब्रुवारीपासून काम मिळालं आहे, पगार आधीपेक्षा कमी. आज डिपॉझिट भरलं. ऑगस्टातला तो कागद तिने तिच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे, तारखेसकट.

एक शेवटचा प्रश्न. फॅफ्सा पुढच्या वर्षी पुन्हा भरायचा का? आणि अपीलही?

जास्वंद | २७ एप्रिल

फॅफ्सा दर वर्षी. २०२७-२८ साठी २०२५ची मिळकत धरतील आणि त्यात तुमचा पगार निम्म्याच वर्षाचा आहे, म्हणजे आकडा आपणहूनच खाली येईल, बहुधा अपील लागणार नाही. स्कॉलरशिपला जीपीएची (सरासरी गुणांची) अट आहे का ते पत्राच्या मागच्या पानावर बघा. आणि १ ऑक्टोबर कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, तिच्या आणि तुमच्याही.